वासराची दोन लिटरची निपल-बाटली: कोणती घ्यावी आणि कशी वापरावी

गाय विताना दगावली, कास सुजून सड बंद पडले किंवा पहिलारू गाय वासराला लाथा मारू लागली, की घरातलं कुणीतरी पशुखाद्याच्या दुकानाकडे पळतं आणि समोर टांगलेली पहिली बाटली उचलून आणतं. त्या घाईत निपलकडे कुणी बघत नाही. दुकानांत आणि ऑनलाइन साधारण चार तऱ्हा दिसतात. जाड पांढऱ्या प्लॅस्टिकची दोन लिटरची बाटली, तिला आट्यांचं बूच आणि लांब रबरी निपल. तशीच बाटली, पण बुचाशिवाय, निपल ताणून थेट तोंडावर बसवायचं. हाताने दाबली जाणारी मऊ बाटली. आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीवर बसणारं छोटं लाल निपल. याशिवाय निपल लावलेली बादलीही मिळते. यांतली पहिली घ्यावी, त्याच वेळी दोन जादा निपल घ्यावीत, आणि मऊ बाटली फुकट मिळाली तरी वासरासाठी वापरू नये.

बाटली हवीच कशाला, बोट चोखायला देऊन वासराचं तोंड बादलीत बुडवायची रीत आपल्याकडे आहेच, असं बरेच जण म्हणतात. रीत चुकीची नाही, पण पहिले दोन-तीन आठवडे तिच्यात जोखीम जास्त आहे. नवजात वासराचं कोठीपोट, म्हणजे चार पोटांतलं पहिलं, अजून कामाला लागलेलं नसतं. दूध पचतं ते चौथ्या, खऱ्या पोटात. वासरू मान पुढे ताणून लुचतं तेव्हा अन्ननलिकेच्या टोकाशी असलेल्या खाचेच्या कडा मिटतात, त्यांची नळी होते आणि दूध थेट चौथ्या पोटात उतरतं. तिथे रेनिन या पाचक द्रव्यामुळे त्याचा गोळा होतो आणि तो तासन्‌तास हळूहळू पचत राहतो. मान खाली घालून घटाघटा पिताना ही खाच नीट मिटेलच असं नाही. कोठीपोटात सांडलेलं दूध तिथेच आंबतं, पोट फुगतं आणि शेण राखाडी, चिकट, आंबूस वासाचं पडायला लागतं. शिवाय लुचण्याने लाळ भरपूर सुटते आणि लुचायची ओढही भागते. ती भागली नाही तर वासरू शेजारच्या वासराचे कान नाहीतर बेंबी चोखत बसतं, आणि चोखलेली ओली बेंबी पुष्कळदा सुजते.

आता निपल. वासराचं निपल साधारण बोटभर लांबीचं, बुडाशी रुंद आणि टोकाशी मऊ असावं. फार आखूड निपल जिभेखाली सरकतं आणि वासरू नुसतं चावत राहतं. टोकाला गोल भोक असतं किंवा फुलीसारखी चीर. फुलीची चीर चांगली, कारण लुचलं तरच ती उघडते. दुकानातच बाटलीत पाणी भरून उलटी धरून बघा. थेंब थेंब गळलं तर ठीक, नुसतं ओलं होऊन थांबलं तर उत्तम. सरळ धार लागली तर ते निपल परत द्या. दीड लिटर दूध संपायला पाच-सात मिनिटं लागली पाहिजेत. दीड-दोन मिनिटांत बाटली रिकामी होत असेल तर वासराला भूक फार आहे असं समजू नका. भोक मोठं झालंय आणि तुमचं वासरू घोटाघोटाला श्वास चोरतंय.

इथेच बरीच वासरं हातची जातात. दूध हळू येतं म्हणून ब्लेडने किंवा तापवलेल्या खिळ्याने भोक मोठं करतात. माणसाचा वेळ वाचतो, पण लुचण्याच्या वेगापेक्षा धार जोरात आली की ठसका लागतो, दूध श्वासनलिकेत उतरतं आणि दोन-तीन दिवसांनी ताप, धाप, नाकातून शेंबडासारखा स्राव असा न्यूमोनिया उभा राहतो. पाजताना नाकातून दूध आलं, खोकला आला, तर त्याच क्षणी बाटली काढा, मान खाली होऊ द्या, आणि पुढचे तीन-चार दिवस ताप मोजत राहा. वासराचं नेहमीचं तापमान १०१.५ ते १०३ फॅरनहाइट असतं. मऊ, दाबायच्या बाटलीबद्दलचा आक्षेपही हाच. वासरू थकून थांबतं तेव्हा हात नकळत बाटली दाबतो, आणि नेमकं त्याच वेळी ते श्वास घेत असतं.

रबर की सिलिकॉन, हा प्रश्न येतोच. रबरी निपल मऊ असल्याने पहिल्या दिवशी वासरू ते लवकर पकडतं. पण दुधातली चरबी आणि कडक ऊन दोन्ही रबराला सोसत नाहीत. ते चिकट होतं, मग बारीक भेगा पडतात. सिलिकॉन चिकट होत नाही, वास धरत नाही, मात्र दाताने एकदा चिरलं की चीर वाढत जाते. वासराला जन्मतःच पुढचे दुधाचे दात असतात आणि दहा-पंधरा दिवसांत ते निपलवर जोर काढू लागतं, म्हणून कोणतंही निपल आठवड्यातून एकदा ताणून, उजेडासमोर धरून तपासा. टोकाचा तुकडा तुटायला आलेला दिसला तर त्याच वेळी बदला. गिळलेलं रबर पोटात अडकतं. जादा निपल आधीच घेऊन ठेवा म्हणण्याचं कारण हेच. बाटली वर्षभर टिकते, निपल मात्र फाटतं, आणि तालुक्याच्या दुकानात त्याच आट्याचं निपल सुटं मिळेलच असं नाही.

बुचाचे आटे हा दुसरा तपासायचा भाग. बूच दोन-तीन पूर्ण फेरे बसलं पाहिजे. ताणून बसवायचं निपल धुवायला सोपं असतं, हे खरं. पण वासरू पोट भरत आलं की जोरात ढुशी देतं, आणि त्या ढुशीत निपल निसटून अख्खी बाटली त्याच्या तोंडावर रिकामी होते. आट्यांच्या बुचात ही भीती नाही. त्यात अडचण हवेची. दूध बाहेर पडताना आत हवा शिरायला वाट लागते. चांगल्या निपलच्या बुडाशी त्यासाठी छोटी झडप किंवा बारीक छिद्र ठेवलेलं असतं. ते नसेल तर बाटली आत ओढली जाते, निपल चपटं होऊन मिटतं आणि वासरू वैतागून सोडून देतं. लोक त्याचा अर्थ "पीत नाही" असा लावतात. अशा वेळी बूच पाव फेरा सैल करा. बाटलीत बुडबुडे वर चढताना दिसले की हवा बरोबर जातेय. आट्यातून दूध ओघळायला लागलं तर जास्त सैल झालं.

बाटलीवरच्या रेघांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. घरच्या लिटरच्या मापाने एकदा पाणी भरा आणि चुकली असेल तर कायमच्या शाईने आपली रेघ मारा. तोंड इतकं रुंद असावं की ब्रश तळापर्यंत फिरेल. कडेला मूठ असेल तर एका हाताने बाटली आणि दुसऱ्याने वासराची हनुवटी सांभाळता येते.

कोल्ड्रिंकच्या बाटलीवरचं छोटं लाल निपल मुळात करडं आणि कोकरं यांच्यासाठी आहे, आणि त्यांना ते फार छान चालतं. वासराच्या तोंडाला ते पुरत नाही. अडल्या रात्री एखाद्या अशक्त, लहानखुऱ्या वासराला त्यातून पाजता येईल, पण निपल निसटून घशात जाऊ नये म्हणून ते बाटलीच्या गळ्याशी घट्ट बसलंय ना, हे प्रत्येक वेळी ओढून बघा.

पाजण्याची पद्धत थोडक्यात. वासरू उभं असावं. ते उठतच नसेल तर पाय पोटाखाली घेऊन छातीवर बसवा. आडवं पडलेल्या वासराला कधीही पाजू नका. त्याचं बूड कोपऱ्यात टेकवा म्हणजे मागे सरकणार नाही. तुम्ही त्याच्या बाजूला, तोंड त्याच्याच दिशेला करून उभे राहा. स्वच्छ बोट तोंडात घाला, लुचायला लागलं की बोटाशेजारून निपल सरकवा आणि बोट काढून घ्या. निपलवर दुधाचा थेंब आधीच पिळून ठेवला तर लवकर कळतं. बाटली गाईच्या कासेच्या उंचीला, म्हणजे वासराच्या खांद्याच्या आसपास, थोडी तिरपी धरा. नाक डोळ्यांच्या पातळीच्या वर जाऊ देऊ नका. मान मागे मोडली की गिळणं अवघड होतं. निपलमध्ये सतत दूध भरलेलं राहील एवढाच तिरपेपणा पुरे. पहिल्या एक-दोन वेळा वासरू तोंड फिरवतं, चावतं. डोळ्यांवर हात धरला किंवा शेपटीच्या मुळाशी खाजवलं की पुष्कळदा लुचायला लागतं, कारण वासरू लुचत असताना गायही तिथेच चाटते.

जे वासरू बोटही चोखत नाही, ज्याची जीभ थंड लागते, त्याच्यासाठी ही बाटली नाही. बांबूच्या नळकांड्याने औषध पाजतात तसं दूध त्याच्या तोंडात ओतणं म्हणजे फुफ्फुसात ओतणं. त्याला आधी पोत्याने पुसून, चोळून, दिव्याखाली ऊब द्या आणि पशुवैद्यकाला बोलवा. अन्ननलिकेत नळी घालून चीक देता येतो, पण ते शिकलेल्या हाताचं काम आहे. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय सेवेचा क्रमांक १९६२.

बाटलीत पहिल्यांदा जायला हवा तो चीक. वासरू आईच्या पोटातून रोगप्रतिकारशक्ती घेऊन येत नाही. ती सगळी चिकातून मिळते, आणि आतड्याची ती शोषायची ताकद पहिल्या तासांपासूनच उतरत जाऊन २४ तासांत संपते. म्हणून पहिला चीक दोन तासांच्या आत, आणि दिवसभरात मिळून वजनाच्या १० टक्के. तीस किलोच्या संकरित वासराला तीन लिटर, त्यातला निम्मा पहिल्या सहा तासांत. आई गेली असेल तर तिची कास आधी बघा. नुकतीच दगावलेली आणि सड निरोगी असतील तर चीक काढून घेता येतो, मात्र ती कोणत्या आजाराने गेली हे डॉक्टरला विचारल्याशिवाय पाजू नका. नाहीतर शेजारच्या गोठ्यात ताजी व्यालेली गाय शोधा. पहिल्या धारेचाच चीक मागा. खरवस चौथ्या धारेचाही चांगला होतो, वासराला मात्र पहिल्या धारेला पर्याय नाही.

चीक दाट दिसला म्हणजे कसदार असेल असं नाही. नाशिक-सांगलीकडे द्राक्षाची आणि कारखाना पट्ट्यात उसाची गोडी मोजायचा जो हँड रिफ्रॅक्टोमीटर असतो, तोच इथे कामी येतो. काचेवर चिकाचा एक थेंब टाका. ब्रिक्स, म्हणजे त्यात दिसणारा आकडा, २२ किंवा वर असेल तर चीक चांगला, १८ ते २२ च्या मध्ये असेल तर थोडा जास्त पाजा, त्याखाली असेल तर दुसरा शोधा. ज्यांच्या गोठ्यात पाच-सहा गायी वितात त्यांनी चांगला चीक लिटर-अर्ध्या लिटरच्या पिशव्यांत डीप फ्रीजरमध्ये चपटा गोठवून, तारीख लिहून ठेवावा. वितळवताना ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात पिशवी ठेवायची (इथून पुढचे अंश सेल्सिअसचेच). ६० अंशांच्या वर तापवला की त्यातली प्रतिपिंडं मरतात आणि तो नुसता दाट द्रव उरतो. गॅसवर उकळणं तर नकोच. चीक कुठेच मिळाला नाही तर ६०० मिलि दूध, ३०० मिलि कोमट पाणी, एक फेटलेलं अंडं आणि अर्धा चमचा एरंडेल असं मिश्रण दिवसातून तीन वेळा, तीन-चार दिवस देतात. त्याने पोट भरतं, पहिली विष्ठाही सुटते, पण प्रतिकारशक्ती येत नाही. असं वासरू पहिला महिनाभर बाकीच्यांपासून वेगळं, कोरड्या जागी ठेवा. बेंबी पहिल्याच तासात टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा आणि नंतर दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ.

चौथ्या दिवसापासून दूध. खिल्लार किंवा गावठी वासरू वीसेक किलोचं, होलस्टीन संकर तीस-पस्तीसचं. त्यामुळे "रोज दोन बाटल्या" हे जे दुकानदार सांगतात ते सगळ्यांना लागू होत नाही. सुरुवातीला वजनाच्या १० टक्के, तीन वेळांत विभागून. वीस किलोच्या वासराला एका वेळी सातशे मिलि पुरे. शेण घट्ट राहिलं तर दुसऱ्या आठवड्यापासून हळूहळू १५ टक्क्यांपर्यंत वाढवता येतं आणि वाढ चांगली दिसते. दूध ३८ ते ४० अंशांवर द्या, थर्मामीटरने मोजून. निफाडसारख्या थंडीत बाटली आधी गरम पाण्याने विसळली नाही तर निपलपर्यंत येईतो दूध पाच-सहा अंश उतरतं. गाईच्या दुधात पाणी घालू नका. वेळा रोज त्याच ठेवा. एक वेळ चुकली म्हणून पुढच्या वेळी दुप्पट पाजलं की दुसऱ्या दिवशी हगवण ठरलेली. कासदाह झालेल्या किंवा अँटिबायोटिक चालू असलेल्या गाईचं "विकता येत नाही" म्हणून उरलेलं दूधही वासराला नको.

दूध पावडर, म्हणजे मिल्क रिप्लेसर, बाटलीसोबतच विकतात. ती घेताना पोत्याच्या मागचा तक्ता वाचा. प्रथिनं २० ते २२ टक्के, स्निग्धांश १५ ते २० टक्के, आणि पहिल्या घटकांत स्किम मिल्क किंवा व्हे पावडर हवी. तंतू ०.२ टक्क्यांच्या वर लिहिलेले असतील तर त्यात सोया किंवा गव्हाचं प्रथिन भरपूर आहे. तीन आठवड्यांखालच्या वासराला ते पचत नाही. १२५ ग्रॅम पावडर घेऊन सगळं मिळून एक लिटर होईल इतकं पाणी घालायचं. पावडर काट्यावर मोजा, कारण दाबून भरलेला आणि सैल भरलेला चमचा यांत बराच फरक पडतो. पाणी ४५ ते ५० अंशांचं, आधी निम्म्या पाण्यात रवीने घुसळून गुठळ्या मोडा, मग उरलेलं ओता आणि ४० वर आलं की पाजा. पाणी थंड असेल तर चरबी वर तरंगून निपलची चीर बुजवते. घट्ट केलं म्हणजे वासरू लवकर वाढेल असं होत नाही. पोट फुगतं, हगवण लागते. आईच्या दुधावरून पावडरवर एका दिवसात उडी नको, चार-पाच दिवसांत पाव-पाव बदला.

धुण्यात या बाटलीची खरी परीक्षा होते, आणि निम्मे गुण इथेच कापावे लागतात. आट्यांच्या खोबणीत, झडपेत आणि निपलच्या आतल्या काठाखाली दूध साचतं. पाजून झाल्यावर लगेच आधी कोमट पाण्याने विसळा. सुरुवातीलाच उकळतं पाणी ओतलं तर प्रथिनं प्लॅस्टिकला चिकटून बसतात. मग बूच, निपल, झडप सुटं करून, ६० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून ब्रशने घासा, स्वच्छ पाण्याने खळखळवा आणि सगळे भाग उलटे, सुटे, हवेवर वाळवा. बूच लावून ठेवलेली ओली बाटली सकाळी नाकाशी धरली तर स्वतःच सांगते. आठवड्यातून एकदा पांढरं व्हिनेगर घातलेल्या पाण्यात भिजवली की आत बसलेला पांढरट खर सुटतो. निपलच्या बादलीचा दोष हाच आहे: झडप आणि नळी खोलायला अवघड असते म्हणून कुणी खोलत नाही. चार-पाच वासरं एकदम पाजायची असतील तर बादली सोयीची, पण पोरक्या एकट्या वासराला बाटलीच बरी.

हगवण लागली तर दूध बंद करू नका. दोन दुधांच्या मध्ये, किमान दोन तासांचं अंतर ठेवून, एक-दीड लिटर क्षारयुक्त पाणी त्याच बाटलीने द्या. माणसांचं ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर कोमट पाण्यात, पाकीट कमी-जास्त न करता. ते दुधात कालवू नका, दुधाचा पोटातला गोळा नीट बनत नाही. डोळे खोल गेले, मानेची चिमटीत धरलेली कातडी लगेच सरळ होईना, वासरू उठेना, तर तोंडाने पाणी पाजून भागणार नाही. सलाईन लागतं आणि तेही त्याच दिवशी. रेडकाला दहाव्या-पंधराव्या दिवसाच्या सुमारास जंताचं औषध वजनावर ठरवून डॉक्टरकडून घ्यावंच लागतं, कारण म्हशीच्या दुधातून गोलकृमी पहिल्या दिवसापासून उतरतात. मातकट, दुर्गंधी हगवण असणाऱ्या रेडकात कित्येकदा दोष बाटलीचा नसतोच.

बाटली किती दिवस, हेही खरेदी करतानाच ठरवा. पहिल्या आठवड्यापासून बादलीत स्वच्छ पाणी समोर हवं. बाटलीतून पाजलेलं पाणी दुधासारखंच कोठीपोट चुकवतं, आणि पाण्यावाचून तिथला खुराक आंबत नाही. दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर काफ स्टार्टर, म्हणजे लहान वासरांचा खुराक. बाटली संपल्या संपल्या चिमूटभर तोंडात दिला की लुचायच्या भरात चव लागते. महिन्या-सव्वा महिन्यानंतर दूध कमी करत जा आणि सलग तीन दिवस एक किलो स्टार्टर खाल्ला की दूध तोडा. संकरित वासरात हे दोन-अडीच महिन्यांत जमतं, रेडकाला तीन महिने धरा.

गोठ्यात दुसरं वासरू असेल तर दुसरी बाटली घ्या आणि हगवण लागलेल्याच्या बुचावर लाल चिकटपट्टी लावा. आधी निरोगी वासराला पाजायचं, लाल पट्टीची बाटली सगळ्यांत शेवटी, आणि धुवायचा ब्रशसुद्धा वेगळा.